उजेड भरपूर आहे

नलिनीताईंच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही, हे मला रोज दाढी करताना आठवायचं. पत्र गणपतीच्या आधी आलं होतं. मग गणपती आले आणि गेले, दिवाळी अंक आले, ते वाचून झाले, त्यांतल्या छापण्याच्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करून झाल्या, कारण छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं वाचताच येत नाही, आणि पत्र मात्र शब्दकोशात ठेवलं होतं तिथंच राहिलं. निळ्या शाईतलं, एका पानाचं, अक्षर शाळेतल्या बाईंचं. 'स. न. वि. वि. तुमचा पत्ता भिकाजींकडून मिळाला. मी हल्ली मुलुंडला मुलाकडे असते. इथे आम्ही काही जणांनी पुन्हा वाचक मंडळ सुरू केलं आहे. घाटकोपरला तुम्ही कथा वाचायला घेतली होती, पांढऱ्या शर्टाची, ती अर्ध्यावर राहिली. पुढे त्या माणसाचं काय झालं, हे मला अजून माहीत नाही. उरलेली अर्धी वाचायला या. संक्रांतीनंतरच्या रविवारी बैठक आहे. हॉलमध्ये आता उजेड भरपूर आहे, तेव्हा काळजी नसावी.' साधं पत्र. दुसरा कोणीही संध्याकाळपर्यंत 'येतो' किंवा 'जमत नाही' असं लिहून मोकळा झाला असता. मी शेवटच्या वाक्यापाशी अडकलो. उजेड भरपूर आहे. म्हणजे त्यांना आठवतंय. त्या संध्याकाळी माझा चेहरा कसा झाला होता ते आठवतंय, आणि या वेळी तर तो लख्ख उजेडात, मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसेल. 'काळजी नसावी' हे त्यांनी गमतीनं लिहिलं असेल की सहज, याचा विचार करता करता चार महिने गेले, आणि डिसेंबरातल्या एका सकाळी मी आमच्या लिफ्टमध्ये तीन लाल म्हातारे बघितले.

तिन्ही मीच होतो. चारकोपच्या सेक्टरमधली आमची जुनी सोसायटी पाडून उंच इमारत झाली, तेव्हा सगळ्यांना पार्किंगचं कौतुक वाटलं आणि मला लिफ्टची धास्ती बसली, कारण तिला तिन्ही बाजूंनी आरसे आहेत. दार बंद झालं की आपण आपल्याशी कोंडले जातो. एरवी मी खाली बघत उतरतो. त्या सकाळी गालांना अशी धग लागली होती की मान वर गेली, आणि बघतो तर समोर, डावीकडे, उजवीकडे एकेक वयस्क गृहस्थ, मफलर गुंडाळलेले, हातात दुधासाठी रिकामी पिशवी, आणि नाकापासून कानापर्यंत कोणीतरी पिंजर फासल्यासारखे. ते एकमेकांकडे बघत होते, आणि तिघांनाही आपण या दोघांपेक्षा जास्त लाल आहोत असं वाटत असावं. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि कल्पिता आत आली. ही गोराईहून येते, मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरते, आणि आमच्या इमारतीत कोणाच्या घरी काय चाललंय हे तिला सेक्रेटरीच्या आधी कळतं.

"अगं बाई काका," ती म्हणाली, "कोणी कानफटवलं?"

"नाही गं. जरा गरम होतंय."

"डिसेंबरात? उकडलेल्या कोलंबीसारखं तोंड झालंय तुमचं. थांबा." आणि तिनं पाटीवरचं प्लॅस्टिक बाजूला करून बर्फाचा एक खडा काढून माझ्या हातात ठेवला. "लावा. बांगड्याचा वास आहे, पण थंड आहे ना!"

मला कोणाला नाही म्हणता येत नाही. तिन्ही आरशांतल्या माणसांनी बांगड्याचा बर्फ गालाला लावला. बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. तेवढ्यात तळमजला आला, दार उघडलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या दोन बायका माझ्याकडे, मग कल्पिताकडे, मग बर्फाकडे बघून मुकाट्यानं बाजूला झाल्या.

लाल होणं मला नवीन नव्हतं. माझी आई, सोनूबाई, तीही तशीच होती. कणकवलीजवळच्या गावाहून लग्न होऊन लालबागला आली, आणि खोलीतल्या स्टोव्हसमोर बसली की तिचे गाल असे पेटायचे की शेजारणी म्हणायच्या, सोनू, काय लपवतेस? ती काहीच लपवत नसायची. मी शाळेत उभा राहिलो की लाल व्हायचो. उत्तर येत असलं तर जास्तच. मास्तरांना वाटायचं मी कॉपी केली आहे. छापखान्यात लागलो, तिथं मालकांनी काही विचारलं की लाल; मालकांना वाटायचं मी रागावलोय, आणि त्यामुळे दोन वेळा न मागता पगारवाढ मिळाली, हाच काय तो या कातडीचा मला झालेला फायदा. माझी बायको, आता ती नाही, म्हणायची, तुम्ही लाल झालात की मला कळतं, आता खरं बोलणार. तिला ते आवडायचं. एकूण जगात मात्र माझा चेहरा माझ्या आधी बोलायचा आणि मी मागाहून त्याच्या चुका दुरुस्त करत फिरायचो. प्रूफ तपासायच्या कामात मी इतका रमलो त्याचं कारणही हेच असेल. बंद खोली, पिवळा दिवा, समोर दुसऱ्याचं लिखाण, आणि माझ्याकडे कोणी बघत नाही.

घाटकोपरच्या त्या संध्याकाळी मात्र सगळे बघत होते. शाळेचा चित्रकलेचा वर्ग होता, भिंतींवर मुलांनी काढलेली वांगी आणि सुरया, आणि लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली वीस-पंचवीस मोठी माणसं. नलिनीताई त्याच शाळेत शिकवायच्या, मंडळ त्यांनीच चालवलं होतं. मी छापखान्यात बसून कधीतरी एक कथा लिहिली आहे, हे माझ्या दोस्तानं, भिकाजीनं, त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि तोही त्या बाकांवर बसला होता. कथा अशी होती: गिरणीच्या रंगखात्यातला एक कामगार. माझे वडील त्याच खात्यात होते, त्यांची नखं कधी निळी तर कधी किरमिजी असायची, जेवताना भातावर ती बोटं बघायची मला सवय होती. तर कथेतला माणूस पैसे साठवून एक पांढराशुभ्र शर्ट शिवतो. रविवारी तो अंगात घालतो आणि खोलीच्या दारात उभा राहतो. इथपर्यंत मी वाचलं. मग मी एकदाच मान वर केली आणि मला दिसलं की नलिनीताई पहिल्या बाकावर हनुवटीखाली मूठ धरून ऐकताहेत, अगदी मनापासून, आणि माझ्या मानेतून ती ओळखीची धग वर चढायला लागली. गाल, कान, कपाळ. अक्षरं पुसट झाली. डोळ्यांपुढे अंधारी आली. लोकांत कुजबूज सुरू झाली. कोणीतरी हसलंसुद्धा. मी कागद गुंडाळले, भिंत चाचपत दाराशी गेलो, जिना उतरलो आणि रस्त्याला लागलो. पुन्हा त्या मंडळात गेलो नाही. या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली असतील, पण गालांना तिची तारीख माहीत नाही, आठवण आली की ते लगेच तयार.

आणि आता त्या बाई लिहीत होत्या, उजेड भरपूर आहे.

त्या सकाळी जे चेहऱ्याला लावलं, ते सीरम माझ्या आयुष्यात असं आलं. माझी नात अपूर्वा पवईला एका ऑफिसात जाते, दोन दिवस घरून काम करते, आणि बाथरूममधल्या फळीवर तिच्या बाटल्यांची रांग असते. मला लेबल दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. अमृतांजनच्या बाटलीवरचंही मी दर वेळी पुन्हा वाचतो, न जाणो एखादी चूक राहिली असेल. तर एका बाटलीवर नियासिनामाइड असं होतं, आणि खाली बारीक अक्षरात, लाली कमी दिसण्यास मदत करते. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लाली कमी. इतकी वर्षं मला वाटत होतं की लाल होणं हा माझा स्वभाव आहे, आणि स्वभावाला औषध नाही असं तर म्हणच आहे. इथं थेंब पाडायच्या नळीसकट ते मिळत होतं. मी ठरवलं की आधी चेहरा ठीक करायचा आणि मग पत्राला उत्तर द्यायचं. त्यामुळे एकाच वेळी काहीतरी केल्याचं आणि काहीच न केल्याचं समाधान मिळालं. अपूर्वाला विचारायची लाज वाटली, म्हणून मी औषधांच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकं जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्या बघत उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, पाच टक्के पाहिजे की दहा टक्के? आता हा प्रश्न सबंध जन्म लाल राहिलेल्या माणसाला विचारायचा नाही. दहा, मी म्हणालो. पंधरा असतं तर पंधरा मागितलं असतं.

मी बेफिकीर माणूस नाही, हे सांगायला हवं. लेबलावर होतं की आधी हातावर लावून बघा, तसं मी कोपराच्या आत लावून बघितलं, दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट बघितली, काही झालं नाही. मग त्या सकाळी घरात सगळे झोपलेले असताना दाढी केली, नीट, उलट हातानंही, कारण औषध आत जायला वाट मोकळी हवी. दाढीनंतर तुरटी फिरवली. आमच्याकडे तुरटी फिरवल्याशिवाय दाढी पुरी होत नाही. वडिलांचा पांढरा खडा होता, काचेसारखा गुळगुळीत झालेला, ते गिरणीतून आल्यावर आठवड्याची दाढी करायचे आणि मग तो ओला करून गालावर फिरवत डोळे मिटायचे, तेवढा एक क्षण ते मला श्रीमंत वाटायचे. तो खडा झिजून गेल्यावर मी तसाच दुसरा आणला. तर तुरटी झाली, गाल चरचरले, आणि त्यावर मी ते सीरम घेतलं. दोन-तीन थेंब असं लिहिलं होतं. पण दोन-तीन थेंब म्हणजे तळहाताच्या रेघेतच जिरले. आपण खोबरेल घेतो तसं, जरा पसाभर घेतलं आणि चोळलं. पहिल्यांदा गार वाटलं. मग कोमट. मग मला आईचा स्टोव्ह आठवला. लेबलावर तुरटीचा उल्लेख कुठंच नव्हता, ही मी आजही त्या लेबलातली चूक समजतो.

दूध घेऊन वर आलो तेव्हा अपूर्वा ब्रश करत होती. तिनं मला बघितलं, तोंडातला फेस थुंकला आणि म्हणाली, "आजोबा! काय लावलंय?"

"कुठं काय?"

"कुठं काय काय? वाट लागलीय चेहऱ्याची! आणि तुम्हाला बांगड्याचा वास का येतोय?"

सगळं सांगावं लागलं. ती बाथरूममधल्या त्या प्लॅस्टिकच्या पाटावर बसून हसली. मग उठून साध्या पाण्यानं माझा चेहरा धुतला, लहान मुलाचा धुतात तसा, मान मागे धरून, आणि हसत हसतच म्हणाली, "दहा टक्के! मी स्वतः पाच वापरते ना! मला विचारायचं एकदा. आणि हे कोणासाठी चाललंय एवढं?"

"कोणासाठी नाही."

"आजोबा, तुम्ही लाल आहातच, त्यामुळे खोटं बोलताय का ते कळत नाहीये. हे चीटिंग आहे, यार."

त्याच संध्याकाळी तिनं मला बोरिवलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर गंधाली म्हणून एक तरुण बाई होत्या, टेबलावर भिंग, भिंतीवर चेहऱ्यांचे नकाशे. मला तिथं आवडलं. भिंगातून आपल्याकडे बघणाऱ्या माणसासमोर मी कधी बसलो नव्हतो. इतकी वर्षं भिंग माझ्या हातात होतं. त्यांनी विचारलं, आधी काय केलंत? मी म्हणालो, दाढी. दाढीनंतर? तुरटी. अपूर्वा "आजोबा!" म्हणून ओरडली, हा भाग तिला नवीन होता. डॉक्टर हसल्या नाहीत, पण लिहायला म्हणून खाली वाकल्या त्या बऱ्याच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"सीरम वाईट नाही हं काका," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आधी पात्यानं वरचा थर काढलात, मग तुरटीनं तो आवळलात, आणि त्यावर दहा टक्के ओतलंत. तुमच्यासारख्या नाजूक कातडीला ते अंगावर धावून आल्यासारखं वाटलं. आता काही दिवस फक्त मी देते ते मलम आणि साधं क्रीम. तुरटी बंद. उन्हात जाताना सनस्क्रीन. गाल शांत झाले की हवं तर कमी टक्क्यांचं, क्रीम लावून झाल्यावर त्यावर दोन थेंब. दोन म्हणजे दोनच. ही लाली कधीपासून आहे?"

"लाजायला लागल्यापासून," मी म्हणालो.

"लाजणं वेगळं. या बारीक शिरा बघा, याला रोझेशिया म्हणतात. घरात कोणाला होतं?"

"आईला. स्टोव्हपाशी."

"बरोबर. उष्णतेनं होतं, उन्हानं होतं, गरम चहानं होतं, तिखटानं होतं. मनात काही नसलं तरी होतं."

मनात काही नसलं तरी होतं. रिक्षात बसून मी हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो. अपूर्वा फोनवर कोणाला तरी 'माझ्या आजोबांनी काय केलं ऐक' असं सांगत होती आणि मला राग येत नव्हता. मला नाव मिळालं होतं. शब्दांत आयुष्य काढलेल्या माणसाला एखाद्या गोष्टीचं नाव मिळालं की ती अर्धी बरी होते. आईला बिचारीला हे कळायला हवं होतं, मी तिला तिच्याच बोलीत सांगितलं असतं, आये, तू काय्येक लपवित नाय होतंस, तो रोझेशिया होतो. ती म्हणाली असती, कसलो मेल्यानू रोझेशिया, भाकरी करपता बघ. पण लिंक रोडचा सिग्नल लागला आणि दुसराच विचार आला, आणि तो काही तितका आनंदाचा नव्हता. चेहरा लाल होतो म्हणून मी लोकांत जात नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. सभा, लग्नं, छापखान्यातला निरोपसमारंभ, पुढच्या कथा, सगळं त्या एका सबबीवर टळलं. आता ती कातडीची गोष्ट निघाली. मग उरलेला मी कोण? लाल न होताही मी त्या बाकांसमोर उभा राहिलो असतो का? की मी मुळात भित्रा होतो आणि या गालांनी बिचाऱ्यांनी चाळीस वर्षं माझ्या वतीनं बोलणी खाल्ली? सिग्नल सुटला. बाजूच्या रिक्षातल्या बाईनं माझ्याकडे टक लावून बघितलं. मी सवयीनं मफलर वर घेतला, आणि मग, का कोण जाणे, पुन्हा खाली केला. बघू दे. रोझेशिया आहे.

आठवड्याभरात गाल निवले. अगदी गोरे नाही, पण तीन म्हाताऱ्यांकडे लिफ्टमध्ये बघता येईल इतपत. पत्र तरीही शब्दकोशातच. आता सबब कोणती, हे मलाच सांगता आलं नसतं. आणि अशात भिकाजी सेक्टरच्या बागेत भेटला. भिकाजी माझा लालबागपासूनचा दोस्त, पोस्टमन म्हणून निवृत्त झाला, आणि इतकी वर्षं मुंबईत राहूनही चिडला की मालवणीत चिडतो. बाकावर बसण्याआधीच त्यानं सुरुवात केली.

"नलिनीताईचो फोन इल्लो. इचारीत होती, पत्र पोचला काय नाय?"

"पोचलं."

"मी तेच सांगलंय. म्हटलं, पोचला आसतला, पण तो मेलो त्येचा प्रूफ वाचीत बसलो आसतलो." त्यानं काठी बाकाला टेकवली. "अरे, मी जन्मभर लोकांची पत्रां वाटलंय. उत्तर नाय देणारो माणूस माझ्या डोळ्यांसमोर नको. रविवार जवळ इलो. जातलंस की नाय?"

समोर झोपाळ्यावर मुली झोके घेत होत्या. मी म्हणालो, "भिकाजी, तिनं लिहिलंय, उजेड भरपूर आहे. तिला माझा चेहरा आठवतोय. त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं मला, लालबुंद झालेलं. कोणीतरी हसलं पण."

"कोणी बघितला? काळोखात?"

"काळोखात?"

"काळोखात नाय तर काय! अरे मेल्या, लायट गेल्ली ना तेव्हा!"

मला कळेना. भिकाजी माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला त्याचाच पत्ता विचारला. मग त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याची मालवणी सुटून साधी मराठी आली, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. शाळेचा फ्यूज उडाला होता. ऐन गोष्टीच्या रंगात सगळा वर्ग काळामिट्ट. लोक कुजबुजले, कोणाचा तरी पाय बाकात अडकला म्हणून कोणी हसलं. नलिनीताई म्हणाल्या, कोणी हलू नका, मी मेणबत्ती आणते, आणि शिपायाच्या खोलीकडे धावल्या. मेणबत्ती घेऊन आल्या तर टेबलापाशी मी नाही. "आम्ही म्हटलं, लाईट गेली म्हणून कंटाळून गेला असेल. ती बिचारी मेणबत्ती धरून उभी. म्हणाली, अहो, पण त्या शर्टाचं काय झालं?"

"मला वाटलं," मी म्हणालो, "मला अंधारी आली."

भिकाजी एवढा हसला की त्याला ठसका लागला आणि मला त्याची पाठ थोपटावी लागली. झोपाळ्यावरच्या मुली झोके थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या. "इतकी वर्षां!" तो डोळे पुसत म्हणाला. "मेल्या, इतकी वर्षां तू एक फ्यूज मनार घेऊन फिरतंस!"

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलंस कधी? त्या दिसाचा नाव काढल्यार उठान जायस."

खरं होतं. मी उठून जायचो. आताही उठलो, पण घरी जायला. वाटेत मला सारखं हसू फुटत होतं. भिंत चाचपत दाराशी गेलो होतो, ते अंधार होता म्हणून. अक्षरं पुसट झाली, ती सगळ्यांचीच झाली असती. माझा चेहरा लाल झाला होता, हे नक्की, ती धग मला अजून आठवते. पण त्या वर्गातल्या एकाही माणसानं तो बघितला नव्हता. तो लाल चेहरा जगात फक्त मला माहीत होता. आणि एक बाई, मेणबत्तीवर हाताचा आडोसा धरून, मोकळ्या टेबलासमोर उभी होती, तिला एवढंच हवं होतं की दारात उभा राहिलेला माणूस पुढे कुठं गेला. घरी जाऊन पत्र काढलं. हॉलमध्ये आता उजेड भरपूर आहे, तेव्हा काळजी नसावी. तेच वाक्य, तोच पूर्णविराम. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ओळी तपासल्या, आणि माझ्या नावानं आलेल्या या एका ओळीत जे लिहिलं होतं तेवढंच मला वाचता आलं नव्हतं. त्या बिचारीनं दिव्यांची खात्री दिली होती.

मग मी कथेचे जुने कागद शोधले. पिवळे पडले होते, टाचणीला गंज. दुसऱ्या अर्ध्यात मी तेव्हा असं लिहिलं होतं की तो माणूस दारातूनच परत फिरतो, शर्ट काढतो, घडी घालून ट्रंकेत ठेवतो, आणि पुन्हा कधी घालत नाही. तेव्हा मला तो फार खोल शेवट वाटला होता. आता वाचताना त्या माणसाची कीव आली आणि थोडी मौजही वाटली. एवढा शर्ट शिवला, तर निदान कोपऱ्यापर्यंत जा की बाबा. मी पेन्सिल घेतली. त्याला जिना उतरवला. नाक्यावरच्या हॉटेलात नेलं, चहा पाजला. तिथं कॉलर नीट करताना शर्टाला पहिला डाग पडतो, तो त्याच्या स्वतःच्याच निळ्या बोटाचा. तो डाग बघतो आणि दुसरा चहा मागवतो. बस. अपूर्वा ऑफिसचं काम संपवून आली, तिनं खांद्यावरून कथा वाचली, शेजारचं निळ्या शाईतलं पत्रही वाचलं आणि म्हणाली, "झकास! हे त्यांच्यासाठी होतं का दहा टक्के?"

"कोणासाठी?"

"आजोबा, आता तुम्ही नॉर्मल रंगाचे आहात. आता कळतं मला."

उत्तर लिहायला बसलो तर आधी सवयीप्रमाणे पानभर झालं. उशिराबद्दल क्षमा, प्रकृतीची सबब, मी काही लेखक नाही वगैरे. मग मी ते प्रूफ समजून तपासलं आणि बरंच काही खोडलं. शेवटी उरलं ते असं: 'स. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. रविवारी येतो. उरलेली अर्धी घेऊन येतो, तिचा शेवट बदलला आहे. त्या दिवशी तुम्ही मेणबत्ती आणायला गेला होतात, हे मला आज कळलं. वाचताना माझा चेहरा लाल झाला तर तो कातडीचा आजार आहे, आणि आजार नसला तरी मी पुढे वाचीन. आपला, दशरथ परब.' 'आणि आजार नसला तरी' हे खोडावं का, असं दोनदा वाटलं. राहू दिलं.

पाकीट घेऊन निघालो तेव्हा अपूर्वानं दारात अडवून सनस्क्रीन फासलं. ऊन आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, हलू नका. तिला घाई होती, नीट पसरलंच नाही. लिफ्टमध्ये तीन पांढरे म्हातारे होते, नाटकात रंग लावून विंगेत थांबलेल्या नटांसारखे. चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि कल्पिता पाटी घेऊन आत शिरली, माझ्याकडे बघून थांबली.

"त्या दिवशी कोलंबी, आज पापलेट!" ती म्हणाली. "काका, तुमचा रोज वेगळाच बाजार. चाललात कुठं एवढे नटून?"

"पत्र टाकायला," मी म्हणालो. "आणि रविवारी मुलुंडला. गोष्ट वाचायला."

"तुम्ही? लोकांसमोर?"

"हो."

"मग जाऊन या," ती म्हणाली, "आणि जोरात वाचा. तुमचं बोलणं लिफ्टमध्ये पण ऐकू येत नाही."

पोस्टाच्या पेटीपाशी भिकाजी आधीच येऊन उभा होता, मी टाकतो की नाही हे बघायला. त्यानं पेटीवरची वेळ वाचली आणि अजून डाक निघाली नाही, असं सरकारी आवाजात जाहीर केलं. मी पाकीट फटीत अर्धं सरकवलं. तिथं ते क्षणभर राहिलं, माझ्या बोटांत अर्धं आणि पेटीत अर्धं. भिकाजी खाकरला. मी सोडलं. आत, तळाशी, कागदावर कागद पडल्याचा अगदी बारीक आवाज आला. गाल गरम झाले. उन्हानं असतील, नसतीलही. मी हात लावून बघितला नाही.

"चल," भिकाजी म्हणाला, "चाय पाज."

"गरम चहानं होतं," मी म्हणालो, आणि बाजूच्या टपरीवर दोन सांगितले.